पाळ, मंदिर आणि वास्तूचे मोल



गतवर्षी नागभीड येथे भरलेल्या आपल्या वार्षिक सभेत नियोजित समाजभवनाचा नकाशा मांडण्यात आला, त्या वेळी झालेली चर्चा पुष्कळांच्या स्मरणात असेल. दर्शनी भागास किती कमानी असाव्यात, फरशी कोणत्या दगडाची घालावी, वर घुमट हवा की नको, यावर वडीलधाऱ्या मंडळींत बराच वेळ विचारविनिमय झाला. शेवटी नागपुरास वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असलेला आपल्यापैकीच एक तरुण उठून उभा राहिला. तो म्हणाला, "काका, क्षमा असावी. इमारत बांधणे निराळे आणि वास्तुकला निराळी. आपल्या कोहळी पूर्वजांनी मार्कंड्यासारखे एकही देऊळ उभारले नाही, चांद्यासारखा परकोट बांधला नाही. त्यांनी माती टाकून तलावांच्या पाळी घातल्या. ते कष्टाचे काम होते, कलेचे नव्हते. तेव्हा या नकाशावर 'पूर्वजांच्या वास्तुपरंपरेस साजेसे भवन' असे जे लिहिले आहे, ते लिहू नये, एवढेच माझे म्हणणे."

सभेत क्षणभर शांतता पसरली. काहींस राग आला, काहींनी मुलाचे वय पाहून सोडून दिले. आम्हांस राग आला नाही, परंतु उत्तरही सुचले नाही. मुलाने विचारले ते काही उद्धटपणाने विचारले नव्हते. ज्या परंपरेचा आपण सभासंमेलनांतून अभिमान मिरवितो, ती नेमकी कशाची परंपरा आहे, हे एकदा नीट तपासून पाहावयास हवे होते. वर्षभर जे वाचले, पाहिले आणि जाणत्यांस विचारले, त्यावरून जे उत्तर आमच्या मनाशी सिद्ध झाले ते या स्मरणिकेच्या द्वारे समाजापुढे ठेवीत आहोत.

प्रथम मूळ प्रश्नच घेऊ. वास्तुकला ही कला आहे काय? वरवर पाहता प्रश्न विचित्र वाटेल, परंतु विद्वानांत यावर मतभेद झालेले आहेत. चित्र, गीत, काव्य यांना स्वतःवाचून दुसरा हेतू नसतो. गीत ऐकण्यासाठीच गायिले जाते. घर मात्र पाहण्यासाठी बांधीत नाहीत, राहण्यासाठी बांधतात. ते गळू लागले तर त्याच्या नक्षीचे कौतुक कोण करणार? ही उपयोगाची अट वास्तुकलेच्या गळ्यात कायमची पडली आहे आणि म्हणूनच पुष्कळांना ती निर्भेळ कला वाटत नाही. जर्मन तत्त्ववेत्ता हेगेल याने १८२० च्या दशकात कलाविषयक व्याख्याने दिली, त्यांत वास्तुकलेस त्याने कलांच्या शिडीची पहिली पायरी ठरविले आणि काव्यास सर्वांत वर बसविले. दगडविटांसारख्या जड द्रव्यातून आत्म्याचे बोलणे पुरते प्रकट होऊ शकत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुढे १९४३ साली निकोलाउस पेव्हस्नर या इतिहासकाराने युरोपीय वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात दुसरीच रेघ ओढली. सायकली ठेवण्याची शेड हे नुसते बांधकाम आणि इंग्लंडातील लिंकनचे भव्य प्रार्थनामंदिर ही वास्तुकला, असा भेद त्याने केला. बांधणाऱ्याच्या मनात सौंदर्याचा हेतू होता की नव्हता, ही त्याची कसोटी. आमच्या तरुण मित्राचे बोलणे याच पठडीतील होते, हे ध्यानात येईल.

परंतु याहून जुना एक विचार युरोपातच आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने चांगल्या वास्तूचे तीन गुण सांगितले: मजबुती, उपयुक्तता आणि सौंदर्य. त्याने तिघांस एकाच ओळीत बसविले, कोणास दारात उभे केले नाही. आणि आपल्याकडे पाहू जाता तर हा भेदच फारसा मानलेला दिसत नाही. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य यांच्या पंक्तीस वास्तुविद्या आहे आणि शिवणकाम व हार गुंफणेही आहे. 'मयमत' नावाच्या प्राचीन शिल्पग्रंथात वास्तूचे चार प्रकार सांगितले आहेत: भूमी, प्रासाद, यान आणि शयन. यांत भूमीस अग्रस्थान आहे, कारण बाकीचे तिन्ही तिच्यावर उभे असतात. म्हणजे जमिनीस आकार देणे हे वास्तुविद्येच्या बाहेरचे काम नव्हे, ते तिचे पहिले काम होय. धर्मशास्त्रकारांनी तर याहून स्पष्ट निर्वाळा दिला आहे. यज्ञयागादी कर्मांस त्यांनी 'इष्ट' म्हटले आणि लोकांसाठी बांधावयाच्या गोष्टींस 'पूर्त'. त्या पूर्तात विहीर, बारव, तलाव, बगीचा आणि देवालय ही सर्व एकत्र मोजली आहेत. देऊळ बांधणारा आणि तलाव बांधणारा असे दोन वर्ग त्यांनी केले नाहीत.

एवढ्याने आमचे समाधान झाले असते तर हा लेख येथेच संपविता आला असता. पण शास्त्रवचनांच्या आधारे आपलीच पाठ थोपटून घेणे सोपे असते. प्रत्यक्ष वास्तू समोर ठेवून तुलना करणे अवघड. ती करून पाहू.

मार्कंडादेव येथील देवळे आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांनी महाशिवरात्रीच्या यात्रेत पाहिलेली आहेत. हल्लीच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते तेथे, तिच्या काठी हा देवालयांचा समूह उभा आहे. दगडाच्या अंगावर इंचभर जागाही रिकामी न ठेवता देवदेवता, अप्सरा, योद्धे आणि पशू कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्व खात्याचे अध्वर्यू अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ती पाहिली, तेव्हा त्यांना खजुराहोची आठवण झाली. वीज पडून मुख्य देवळाचे शिखर ढासळल्याची हकीगत सांगतात. काळाने बरेच काही हिरावले आहे, तरीही भग्न भिंतीसमोर उभा राहिलेला मनुष्य मुका होतो. ही कला आहे की नाही, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

तीच गोष्ट चांद्याच्या परकोटाची. खांडक्या बल्लाळशहाच्या काळी त्याचा पाया पडला आणि पुढील गोंड राजांच्या पिढ्यांनी तो पुरा केला. सुमारे ११ किलोमीटरांचा तो घेर, त्यातील जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे ते राजचिन्ह, हे सारे पाहताच हा परकोट नुसता संरक्षणासाठी नसून एका राज्याने आपली मुद्रा दगडात उमटविली आहे, हे कळते.

आता या दोहोंच्या शेजारी आपल्या गावची पाळ ठेवू. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात अशी पाळ नाही असे गाव शोधावेच लागेल. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांची संख्या ६,००० हून अधिक भरते. परंतु यात्रेकरू ते पाहावयास येत नाहीत. पाळीवर ना मूर्ती, ना शिलालेख, ना कमान. नवख्या माणसास ती गवत वाढलेली मातीची लांबोडी टेकडी दिसते. आमच्या तरुण मित्रास तशीच दिसली, यात त्याचा दोष नाही.

ही पाळ कशी झाली, हे सांगितल्यावाचून तिचे मोल कळणार नाही. चांद्याच्या गोंड राजांविषयी, विशेषतः हिरशहाविषयी, अशी परंपरा सांगतात की जो रान तोडून गाव वसवील त्यास ते गाव आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा राजाने पुकारा केला. अशा रीतीने वसविलेल्या गावांस 'तुकूम' म्हणत आणि ते नाव धारण करणाऱ्या वस्त्या चांद्याकडे आजही आहेत. आपल्या पूर्वजांस चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना बरोबर आणले, ही आपल्या घरोघरी ऐकू येणारी कथा रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही नोंदविली आहे. कथेत इतिहास किती आणि अभिमान किती, हा वाद बाजूस ठेवू. तलाव बांधणे आणि ऊस-धान पिकविणे यांत हा समाज निष्णात होता, याविषयी मात्र त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांतही दुमत नव्हते.

पाळीचे शास्त्र आम्ही जाणत्या शेतकऱ्यांकडून समजून घेतले. मातीच्या पाळीची उंची दुप्पट करावयाची म्हटली की तिच्या पोटात माती जवळजवळ चौपट घालावी लागते, कारण उंचीबरोबर तळाची रुंदीही वाढते. म्हणून पाळ उंच करण्यात शहाणपण नाही, जागा हेरण्यात आहे. दोन टेकड्यांच्या सोंडा जेथे जवळ येतात आणि मागे पाणी पसरावयास मोकळी खोलगट भूमी असते, तेथे थोड्या पाळीत पुष्कळ पाणी राहते. ही जागा शोधण्यासाठी दुर्बीण नव्हती, सपाटी मोजण्याचे यंत्र नव्हते. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे घुटमळते, कोठून निसटते, हे मनुष्य वर्षानुवर्षे पाहत असे. मग मातीची निवड. नुसती रेताड माती पाणी धरीत नाही, नुसती चिकण माती उन्हात भेगाळते. थरावर थर घालून, पाणी शिंपून, माणसांच्या व जनावरांच्या पायांखाली तो दाबून पाळ चढवावी लागे. आतल्या अंगास लाटांचा मारा बसतो म्हणून तेथे दगड बसवावे लागत. पाणी सोडण्यासाठी तुडूम, म्हणजे पायरीपायरीने भोके असलेले आणि ती भोके लाकडी खुंट्यांनी बंद करता येणारे द्वार, अशा जागी ठेवावे लागे की शेवटच्या बांधीपर्यंत पाणी आपल्या पायांनी चालत जाईल.

आणि सर्वांत कठीण तो सांडवा. जास्तीचे पाणी निघून जाण्याची ही वाट. ती हातभर उंच ठेवली तर एखाद्या भाद्रपदात पाणी पाळीवरून वाहू लागेल आणि मातीची पाळ एकदा वरून वाहू लागली की ती तासाभरातही जाऊ शकते. ती हातभर सखल ठेवली तर आश्विनात धान गर्भार असताना तलाव अर्धा रिकामा. एका हाताच्या या अंतरावर गावाचे वर्ष अवलंबून असे. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याच्याही खालच्या बोडीत, अशी साखळी ज्या माणसांनी मनात आखली, त्यांनी कागदावर रेघ ओढली नाही, एवढ्यावरून त्यांना रेघ ओढता येत नव्हती असे कसे म्हणावे?

पाळीवरून सकाळी चालून पाहावे. ती सरळ जात नाही. जमिनीच्या अंगाने ती हलकेच वळते, टेकडीच्या सोंडेस अशी टेकते की टेकडी कोठे संपली आणि पाळ कोठे सुरू झाली हे सांगता येऊ नये. एका बाजूस आभाळ उतरलेले पाणी, दुसऱ्या बाजूस पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या हिरव्या बांध्या. या दोहोंमधील ती रेषा तसूभर इकडेतिकडे असती तर दोन्ही बाजू बिघडल्या असत्या. जेथे काही वाढविता येत नाही आणि काही काढता येत नाही, तेथे कला नाही म्हणणे आम्हांस तरी जड जाते. मार्कंड्याच्या शिल्पीने दगडावर जे केले, ते पाळ घालणाऱ्याने भूमीवर केले. एकाने रिकामी जागा ठेवली नाही, दुसऱ्याने अनावश्यक काही ठेवले नाही.

येथे कोणी म्हणेल, मग उपयोगाचा प्रत्येक ढिगारा कलाकृती ठरेल. तसे नाही. पहिल्याच पावसात फुटलेल्या पाळीही पुष्कळ असतील. उपयोग साधण्याची धडपड सर्वांचीच असते, तो नेमका साधणे थोड्यांच्या हाती असते. ज्या कामात बरे-वाईट, नेमके-ढोबळ असा भेद जाणत्यास डोळ्यांनी दिसतो आणि तो नियम पाठ करून साधत नाही, ते काम कलेच्या प्रांतात येते. आपल्या नागभीड तालुक्यातील घोडाझरी तलाव इंग्रजी अमदानीत विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सरकारी अभियंत्यांनी बांधला. त्यांच्यापाशी यंत्रे होती, नकाशे होते, आणि त्यांनीही डोंगरांच्या मधली जागाच हेरली. पाण्याच्या कामात यंत्रवाल्याची व बिनयंत्राच्या माणसाची नजर शेवटी एकाच ठिकाणी जाऊन थांबते, ही गोष्ट आमच्या पूर्वजांच्या नजरेची साक्षच नव्हे काय?

परंतु येथे आपण स्वतःशी प्रामाणिक असले पाहिजे. नवेगावबांधचा अवाढव्य तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, भोवतालच्या सात बहिणी नावाच्या शिखरांवरील दैवतांनी त्यांस साहाय्य केले आणि पुढे ते स्वतःच कोलासूर देव म्हणून पूजिले गेले, ही कथा आपण मुलांस सांगतो. ती सांगावीच. पण डोक्यावर मातीची टोपली घेऊन ज्या बाया पाळीवर चढल्या त्यांची नावे कोणत्या कथेत आहेत? गोंड, ढिवर, महार आणि इतर कितीतरी समाजांच्या हातांनी या पाळी चढल्या. कोणास धान्याची मजुरी मिळाली असेल, आणि वेठीचा तो काळ पाहता कोणास तीही मिळाली नसेल. पाटलाचे नाव राहिले, टोपलीचे राहिले नाही. शिवाय पाणी सर्वांसाठी होते असे आपण म्हणतो, तेव्हा घाटावर कोणास कोठे उभे राहावे लागे हे विसरतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी प्याले, तेव्हा त्यांनी त्या तळ्याचा एक दगडही हलविला नव्हता. तरीही तळ्याचे मोल त्या दिवशी पालटले. वास्तू कशी बांधली एवढ्याने तिची किंमत पुरी होत नाही. ती कोणासाठी उघडी आहे, हाही तिच्या घडणीचाच भाग समजला पाहिजे. आपल्या पाळींचा अभिमान बाळगावयाचा तर हा हिशोबही त्याच वहीत लिहावा लागेल.

येथवर आलो तेव्हा आमच्या असे ध्यानात आले की मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले असून दुसरे अर्धे अधिक अवघड आहे. पाळ ही कला खरी. मग मार्कंड्याच्या देवळात आणि तिच्यात भेद तो कोणता? भेद आहे आणि तो मोठा आहे. देऊळ ओस पडले, शिखर ढासळले, तरी उरलेल्या दगडांतून शिल्पी बोलत राहतो. पाळीचे तसे नाही. तिच्यावर बेशरम वाढली, उंदीर-खेकड्यांनी बिळे केली, झाडांची मुळे आत शिरली, तुडूम गाळाने बुजले, की चारदोन पावसाळ्यांत ती खरोखरच मातीचा ढिगारा होते. पाळ एकदा बांधून पुरी होत नाही, ती दरवर्षी बांधावी लागते. देवळाचा कर्ता एक पिढी असते, पाळीच्या कर्त्या सगळ्या पिढ्या असतात. तिची कला जितकी घालणाऱ्याच्या नजरेत आहे, तितकीच ज्येष्ठात कुदळ घेऊन येणाऱ्याच्या हातात आहे.

या गोष्टीची सर्वांत थोर साक्ष आपल्या देशातील एका जुन्या शिलालेखात आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा तलाव चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने बांधला. अशोकाच्या काळी तुषास्फ याने त्यास कालवे जोडले. पुढे मोठ्या वादळी पावसात बांध फुटला. महाक्षत्रप रुद्रदामन् याच्या काळी, इसवी सन १५० च्या सुमारास, खिंडार एवढे विस्तीर्ण होते की दुरुस्ती अशक्य म्हणून मंत्र्यांनी विरोध केला आणि प्रजेत हाहाकार उडाला. तेव्हा सुविशाख या अधिकाऱ्याने तो बांध पुन्हा उभारला, आणि राजाने त्यासाठी प्रजेवर कर किंवा वेठ न लादता आपल्या कोषातून खर्च केला, असे तो लेख सांगतो. पुढे स्कंदगुप्ताच्या काळी, इसवी सन ४५५-५६ च्या सुमारास बांध पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने तो पुन्हा बांधविला. त्याचाही लेख त्याच खडकावर आहे. ज्याने बांधले आणि ज्यांनी दुरुस्त केले, त्या सर्वांची नावे एका दगडावर राहिली. दुरुस्तीस बांधणीइतकाच मान देणारी ही दृष्टी आम्हांस वास्तुकलेच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा मोलाची वाटते.

आमच्याकडे ही साखळी कोठे तुटली, हेही सांगणे प्राप्त आहे. गोंडांचे राज्य गेले, भोसल्यांचे आले व गेले, इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत गावोगाव मालगुजार नेमले, तरी गावाच्या तलावाकडे पाहणारे कोणीतरी होते. मध्यप्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० साली झाला व १९५१ साली अमलात येऊन मालगुजारी संपली. ती संपली हे योग्यच झाले. गावावर एका घराण्याची मालकी असावी, असे आज कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु मालगुजारीबरोबर तलावही सरकारजमा झाला, आणि मालकी गेली तशी काळजीही गेली. जो तलाव काल सर्व गावाचा होता तो आज सरकारचा, म्हणजे कोणाचाच नाही, अशी समजूत हळूहळू रुजली. सरकारने आपल्या परीने योजना काढल्या. २०१७ साली धरणांतील गाळ काढून शेतांत नेण्याची योजनाही राज्यात सुरू झाली. भंडारा-गोंदियाकडे काही गावांतील ढिवर बंधुभगिनींनी तर तलावातील बेशरम उपटून, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावून मासळी परत आणली आहे. हे सर्व स्तुत्य होय. पण आपण, जे स्वतःस तलाव बांधणाऱ्यांचे वंशज म्हणवितो, त्यांपैकी किती घरांतील माणसे गेल्या ज्येष्ठात पाळीवर गेली होती? आम्ही गेलो नव्हतो, हे येथे कबूल करतो.

तेव्हा वास्तूस मोल कशाने येते, याचे आमचे उत्तर असे. कौशल्याने येते, हे खरे. सौंदर्याने येते, हेही खरे. परंतु ते टिकते मात्र माणसांनी. जी वास्तू आपल्या माणसांस दरवर्षी स्वतःकडे बोलावते आणि जिची माणसे तिच्या हाकेस ओ देतात, ती मातीची असली तरी मोठी. जिच्या उद्घाटनानंतर कोणी फिरकत नाही, ती संगमरवरी असली तरी रिकामी.

आता समाजभवनाकडे वळू. भवन होऊ नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मुलींच्या वसतिगृहास जागा हवी, लग्नकार्यास सभामंडप हवा, वाचनालय हवे. परंतु नकाशाकडे पाहताना कमानी मोजण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी पाळीविषयी विचारले असते तेच प्रश्न विचारावेत. पावसाचे पाणी कोठून येईल व कोठे जाईल? वैशाखात आत बसणाऱ्यास वारा मिळेल काय? गरीब घरच्या लग्नास भाडे परवडेल काय? अन्य समाजांच्या माणसांस दार उघडे असेल काय? आणि वीस वर्षांनी गळती लागली तर ती काढावयास कोण शिडी लावील? या प्रश्नांची उत्तरे नकाशात असतील तर घुमट नसला तरी ते भवन पूर्वजांच्या परंपरेस साजेसे होईल. नसतील तर ते शब्द खोडावेत. आमच्या तरुण मित्राने ते खोडण्याची सूचना केली, तिचे कारण आम्हांस मान्य नाही, परंतु सूचना मान्य आहे. ते शब्द भवनाने आपल्या वागणुकीने कमवावेत.

याबरोबरच कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन विनंत्या ठेवीत आहोत. पहिली अशी की भवननिधीतील एक लहानसा भाग दरवर्षी एका गावच्या तलावाच्या कामासाठी काढून ठेवावा, आणि ज्येष्ठातील एक रविवार सर्व कुटुंबांनी, आवश्यक त्या परवानगीने आणि गावातील सर्व समाजांस बरोबर घेऊन, त्या पाळीवर घालवावा. दुसरी विनंती त्या तरुणासच आहे. आपल्या गावची पाळ त्याने मोजावी, तिचा छेद व नकाशा काढावा, सांडव्याची व तुडुमाची पातळी लिहून ठेवावी. आमच्या पूर्वजांनी रेघ मनात ओढली, ती मनाबरोबर जाण्यापूर्वी कागदावर यावी. हे काम आमच्या हातून होणारे नाही, त्याच्या विद्येने होणारे आहे. त्याने होकार दिला आहे, हे कळविण्यास आनंद वाटतो.

वाचकांकडे शेवटचे मागणे एवढेच. पुढील स्मरणिकेसाठी प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावच्या तलावाची माहिती पाठवावी: तलावाचे नाव, पाळीची अदमासे लांबी, पाणी कोणत्या बांध्यांस जाते, शेवटची दुरुस्ती कोणत्या साली झाली आणि ती कोणी केली. घरातील वृद्ध आजीबाईंस आवर्जून विचारावे, कारण टोपली वाहिलेल्यांची नावे त्यांनाच ठाऊक असतात. ती नावे कोणत्याही समाजाची असोत, ती सर्व आपण छापू.